पहिली क्लिक दार वाजवायची

कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दोन विंडो उघड्या असतात. एक पुढे, दुसरी तिच्या मागे, कोपऱ्यातून जराशी दिसणारी. तुम्ही त्या मागच्या विंडोच्या दिसणाऱ्या कोपऱ्यावर क्लिक करता आणि नेमकं तिथेच एक बटण असतं. आता काय व्हावं? विंडो नुसती पुढे यावी, की पुढे येता येता ते बटणही दाबलं जावं?

हा प्रश्न मी बऱ्याच लोकांना विचारलाय आणि बहुतेकांनी माझ्याकडे असं बघितलंय की बाई, तुला दुसरे उद्योग नाहीत का. नाहीत. हाच माझा उद्योग. वाशीत साड्यांच्या एका दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की आमचं ऑफिस. मी, साहेब आणि फोन घेणाऱ्या एक बाई. छोट्या कारखान्यांना, गोदामांना त्यांची यंत्रं कॉम्प्युटरवरून चालवायची असतात, त्यांना आम्ही स्क्रीन करून देतो. पावण्याच्या एमआयडीसीतले दोन-चार वर्कशॉपवाले आमचे गिऱ्हाईक आहेत, बाकी वाशीच्या फळ-भाजी मार्केटच्या आजूबाजूचे. कुठलं बटण कुठे, कुठला दिवा हिरवा, कुठला लाल, हे मी ठरवते. लोकांना वाटतं हे आपोआप येतं. आपोआप घंटा येत नाही.

तर त्या पहिल्या क्लिकचं. काही कॉम्प्युटरांत मागच्या विंडोवरची पहिली क्लिक गिळून टाकतात. विंडो पुढे येते, बस. बटण दाबायचं तर परत क्लिक करा. काहींत एकाच क्लिकमध्ये दोन्ही कामं. त्यातही अपवाद. यादी वरखाली सरकवायची असेल तर ती मागच्या मागे सरकते, बटणाला मात्र वेगळा नियम. एकाला सवय झाली की तो दुसऱ्याला शिव्या घालतो. माझं मत सुरुवातीपासून पक्कं होतं, की पहिली क्लिक गिळायची. माणूस मागच्या विंडोवर क्लिक करतो तेव्हा त्याला अजून तिच्यात काय आहे ते धड दिसलेलं नसतं. जे दिसलंच नाही ते त्याने दाबलं, असं कसं म्हणायचं? मी यावर साहेबांशी दोन वेळा कडाकडा भांडले होते. मी तापट आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.

आणि तरीही तो नियम मीच बदलला. भांडून नाही, काही नाही. साहेब म्हणाले बदल, मी म्हटलं बरं.

आई जाऊन तेव्हा सोळा दिवस झाले होते. सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहायचो. न्यूमोनिया झाला, पाच दिवसांत गेली. दिवसकार्य झालं, मावशी गावी परत गेली, मी ऑफिसला आले. लोक म्हणत होते, रडून घे, मोकळी हो. मला रडू येतच नव्हतं. ओढून ताणून आणू का? सकाळी उठायचं, चहा करायचा, दोन कप काढायचे, एक परत ठेवायचा. त्याचंसुद्धा काही वाटायचं नाही. दात काढायला सुई देतात ना, मग गालावर बोट ठेवलं तर बोटाला गाल कळतो पण गालाला बोट कळत नाही, तसं सगळं चाललं होतं.

ज्यांच्यासाठी तो नियम बदलला ते गिऱ्हाईक म्हणजे मार्केटच्या मागच्या रस्त्यावरचे एक शेठ. त्यांच्याकडे फळं पिकवायच्या सहा खोल्या आहेत. चेंबर म्हणतात त्यांना. जाड भिंतींच्या, थंड, हवाबंद. कच्ची केळी किंवा आंबा आत लावायचा, दार बंद करायचं, मग ठरलेल्या दिवशी पिकवायचा गॅस सोडायचा. गॅस मिळाला की फळ तयार व्हायला लागतं. एकदा लागलं की थांबत नाही. तुम्ही डोकं आपटा, ते परत कच्चं होत नाही. म्हणून गॅस कुठल्या खोलीत कधी सोडायचा, याच्यावर त्या धंद्याचं सगळं आहे.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक चेंबरची एक विंडो. वरच्या बाजूला आतलं तापमान, खाली उजव्या कोपऱ्यात ‘गॅस सुरू’चं बटण आणि त्याच्या शेजारी दिवा. सहा विंडो एका जुन्या छोट्या मॉनिटरवर, एकीवर एक चढलेल्या. मोठा मॉनिटर घ्या म्हणून मी शेठना तीनदा सांगितलं होतं. ‘बघू या,’ म्हणाले. अजून बघतायत.

ती स्क्रीन चालवायचे एक काका होते. सानपाडा गावातले. म्हणजे सेक्टर झाले, टॉवर आले, त्यांच्या पोटात जे जुनं गाव उरलंय, तिथले. साठीला आलेले. घराच्या खालच्या दोन खोल्या भाड्याने दिलेल्या, मुलगा चांगल्या नोकरीत, त्यांना कामाची गरज नव्हती. घरात बसवत नाही म्हणून यायचे. सकाळी आठला इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला गंध लावून हजर. चेंबरची कामं त्यांनी हाताने वीस वर्षं केली होती, कॉम्प्युटर मागाहून आला.

त्यांची एक पद्धत होती. कुठल्याही चेंबरचं दार उघडण्याआधी ते तळहाताने दोनदा धप्‌ धप्‌ वाजवायचे, ‘कोन हाय का?’ म्हणून ओरडायचे, थांबायचे, मग उघडायचे. आत कोणी नाही हे माहीत असलं तरी. बंद खोलीत हवा जड होते, कोणी माल लावायला आत गेलेला असू शकतो, दार अचानक उघडलं-लावलं की घात होतो, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या सगळ्या हमालांना त्यांनी ही सवय लावली होती. न वाजवता कोणी दाराला हात लावला की काका त्याची आई-बहीण काढायचे, माझ्यासमोरसुद्धा.

त्यांना स्क्रीन शिकवायला मी गेले होते. दोन दिवस नुसता वैताग. कपाळ माझं, माऊस धरायलाच एक तास. मागच्या विंडोवर क्लिक करायचे, विंडो पुढे यायची आणि ते म्हणायचे, ‘बाय, मी बटन दाबला, काय झालाच नाय.’ मी सांगायचे, काका, परत दाबा. ‘का? एकदा दाबला ना?’ तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी वैतागून म्हटलं, ‘अहो, तुम्ही दार वाजवता ना आधी? मग उघडता ना? तसंच. पहिली क्लिक दार वाजवायची. दुसरी उघडायची.’

ते एकदम हसले. सगळा चेहरा हसला. ‘आसं सांग ना मंग!’ म्हणाले. त्यानंतर त्यांना एकही गोष्ट परत सांगावी लागली नाही. विंडोंना ते खोल्याच म्हणायचे. चार नंबर बघायची तर मागे दिसणाऱ्या तिच्या कोपऱ्यावर एक टिचकी, तोंडाने बारीकसं ‘कोन हाय का’, विंडो पुढे, तापमान बघायचं, वहीत लिहायचं, की परत आपल्या आधीच्या खोलीवर. दीड वर्ष असं बिनचूक चाललं. मी ऑफिसात सगळ्यांना ही गोष्ट रंगवून सांगायचे. घरी आईला सांगितली तर ती म्हणाली, ‘बघ, माणसाला त्याच्या भाषेत सांगितलं की कळतं. तू आधी ओरडतेस.’ ओरडतेच मी.

मग शेठच्या मुलाने फोन केला की प्रत्येक गोष्टीला दोनदा क्लिक का करायला लागतं, सॉफ्टवेअर स्लो आहे का. स्लो नव्हतं. पण साहेब म्हणाले, कशाला डोक्याला ताप, करून टाक एका क्लिकवर. ही सोळाव्या दिवसाची गोष्ट. प्रोग्रॅममधली एक ओळ होती. ती मी बदलली, आणि दुपारी जेवायच्या आधी ऑफिसातूनच तिकडच्या कॉम्प्युटरवर टाकली. नेहमी मी काय बदललं त्याचा कागद पाठवते. त्या दिवशी पाठवला नाही. विसरले असं म्हणता येईल, पण विसरायलाही आधी काहीतरी मनात असावं लागतं. माझ्या मनात काहीच नव्हतं. काकांना फोन करावा हे सुचलंसुद्धा नाही.

महिनाभर काही झालं नाही. विंडो अशा एकावर एक चढलेल्या असायच्या की बटणाचा कोपरा सहसा झाकलेला असे. मग आंब्याचे दिवस आले, सहाही खोल्या भरल्या. चार नंबरमध्ये एका व्यापाऱ्याचा हापूस होता, लांब पाठवायचा, कच्चाच ठेवायचा. नुसता थंड ठेवायचा, गॅस अजिबात नाही. एका सकाळी दार उघडलं तर आतून वास आला. ज्यांना माहीत नाही त्यांना तो वास छान वाटेल. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांचे चेहरे उतरले.

गॅस बंद करून मला बोलावलं. रिक्षाने गेले. ऑफिसमध्ये शेठ, त्यांचा मुलगा, तो व्यापारी आणि खुर्चीत काका. काका उठून उभे राहिले, म्हणाले, ‘मॅडम, तुमीच बगा. मी गॅस नाय सोडला. आई एकवीरेची शपथ.’ मॅडम म्हणाले. एरवी बाय म्हणायचे.

आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिकची नोंद ठेवतं. मी नोंद उघडली. आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजून बारा मिनिटं, चेंबर चार, गॅस सुरू, आणि पुढे काकांचं नाव. मी ते मोठ्याने वाचलं. मला विचारलं म्हणून वाचलं. ‘नाव तुमचंच आहे, काका.’

‘नाय पन. अकरा वाजता मी फकस्त टेंपरेचर बगितला. रोज बगतो.’

‘कसं बघितलंत, दाखवा,’ मी म्हटलं.

त्यांनी दाखवलं. बसले, माऊस धरला. चार नंबरची विंडो मागे होती, खालचा उजवा कोपरा बाहेर. त्यांनी त्या कोपऱ्यावर बोटाने टिचकी मारली, आणि त्यांचे ओठ हलले. ‘कोन हाय का.’ विंडो पुढे आली. खाली दिवा हिरवा झाला. काका वर तापमानाकडे बघत होते. शेठ आणि त्यांचा मुलगा व्यापाऱ्याला समजावत होते. दिवा मी एकटीनेच बघितला. मी हात पुढे करून तो बंद केला.

मला कळलं. तिथल्या तिथे कळलं, पूर्ण कळलं. या माणसाने दार वाजवलं होतं आणि मी त्याला न सांगता दाराची कडीच काढून ठेवली होती. तो खरं बोलत होता आणि माझी नोंदही खरी होती. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. मी आजही आठवायचा प्रयत्न करते की मला तेव्हा काय वाटलं. भीती? नाही. साहेब काय म्हणतील? तेही नाही. काही म्हणजे काही वाटलं नाही. मी लॅपटॉप बंद केला आणि म्हणाले, ‘बघते मी. चेक करून सांगते.’

शेठ माणूस वाईट नाही. ओरडले नाहीत. काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘काका, वय झालं की होतं असं. आता आराम करा जरा.’ काका माझ्याकडे बघत होते. मग स्क्रीनकडे. मग स्वतःच्या उजव्या हाताकडे. आणि हळू म्हणाले, ‘दाबला आसंल. नोंद हाय म्हंजे दाबलाच आसंल.’

घरी येऊन मी भात लावला, जेवले आणि झोपले. झोप लागली, हे सांगायला लाज वाटते, पण लागली.

दुसऱ्या दिवशी ती ओळ मी परत पहिल्यासारखी केली. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, बरं केलंस, आता गप्प बस, झालं ते झालं. मी गप्प बसले. मूग गिळून बसणं म्हणतात तसं नाही, त्यात निदान घशाला काहीतरी लागतं.

दोन महिन्यांनी एका रविवारी सानपाड्याच्या भाजीवाल्यांच्या रांगेत काका दिसले. बरोबर सून. तिने त्यांच्या हातात चिठ्ठी दिली होती, टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू, आणि ती दोन पावलं मागे उभी राहून बघत होती, शाळेत घालायला आणलेल्या पोराकडे बघतात तशी. शर्टाला इस्त्री नव्हती. मी समोर आले तर ते थांबले. डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाले, ‘तुमी कॉम्प्युटरवाल्या मॅडम. वळखला ना मी बरोबर?’

‘बरोबर, काका.’

‘बरोबर ना?’ त्यांनी परत विचारलं आणि सुनेकडे बघितलं, की ऐकलंस का म्हणून.

सून मला बाजूला घेऊन म्हणाली, कामावर तो घोळ झाला ना, तेव्हापासून असंच. डॉक्टरला दाखवलं, डॉक्टर म्हणतो काही नाही, वयाच्या मानाने एकदम ठीक. पण ह्यांना पटत नाही. म्हणतात, मी केलेलं मलाच आठवत नाही म्हणजे डोक्यात काहीतरी झालंय. भाडेकरूंशी बोलणं सोडलं, देवळात बसायचं सोडलं. गॅसची शेगडी चालू-बंद करत नाहीत. दाराला कुलूप लावलं की चार वेळा विचारतात, लावलं ना मी? ‘आमीच मंग एकट्याला सोडत नाय,’ ती म्हणाली. ‘भ्या वाटतं.’

मी पिशवी घेऊन घरी आले. कोथिंबीर निवडायला बसले. आणि त्यांचं ते ‘दाबला आसंल’ कानात आलं. ते वाक्य मी आधी कुठे ऐकलं होतं ते तेव्हा आठवलं.

आई जायच्या सात-आठ महिने आधीची गोष्ट. सोसायटीची टाकी धुवायची होती, सकाळी पाणी नव्हतं. दुपारी पाणी आलं. बेसिनचा नळ उघडा होता, जाळीवर कपडा पडलेला, आई आतल्या खोलीत झोपलेली. हॉलभर पाणी, खालच्या मजल्यावरच्यांच्या छतातून ठिबकलं, ते वर येऊन बोलून गेले. संध्याकाळी मी घरी आले ती भडकलेलीच. ‘आई, एक नळ बंद करता येत नाही का गं?’ ती म्हणाली, ‘मी नव्हता गं उघडला.’ ‘मग काय भुताने उघडला?’ मी म्हटलं. फरशी पुसत होती, हातात फडकं होतं. म्हणाली, ‘उघडला असेन बाई. माझ्या लक्षात राहत नाही हल्ली.’

दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्या लक्षात आलं. सकाळी ब्रश घेऊन मी बेसिनशी गेले होते, नळ फिरवला, पाणी आलं नाही, तशीच बादलीतल्या पाण्याने तोंड धुऊन निघाले. नळ मी उघडा ठेवला होता. मला हसू आलं थोडं. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. घरी गेल्यावर कुकर, फोन, कसलं तरी, राहून गेलं. मग वाटलं, आता काय उकरून काढायचं.

आई मात्र त्या दिवसापासून विचारायला लागली. ‘दूध तापवू ना मी?’ ‘हा दिवा मीच लावला का गं?’ चाळीस वर्षं घर चालवलेली बाई नळ बंद केल्यावर परत जाऊन हात लावून बघायची. मी वैतागायचे, ‘आई, किती वेळा विचारशील!’ पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होती, तिथेही नर्सला म्हणाली, माझं डोकं जागेवर नाही, मुलीला विचारा. डोकं तिचं अगदी जागेवर होतं. मी उशाशी बसून होते आणि बोलले नाही.

सोमवारी ऑफिसला फोन करून रजा टाकली. आधी शेठना फोन केला आणि सगळं सांगितलं, ती ओळ, तो कागद, सगळं. ते म्हणाले, ‘मॅडम, हे तुम्ही तेव्हा बोलायला पाहिजे होतं.’ हो म्हटलं. साहेबांनी नंतर मला काय काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. मग लॅपटॉप घेऊन सानपाडा गावात गेले. पत्ता विचारायला लागला नाही, काकांचं घर सगळ्यांना माहीत होतं.

काका ओट्यावर बसले होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला. जुनी, बदललेली स्क्रीन मी मुद्दाम त्यात घालून आणली होती. सहा विंडो, चार नंबर मागे, कोपरा बाहेर. म्हटलं, ‘काका, चार नंबर बघा.’

‘नको. मना जमत नाय आता.’

‘एकदा.’

त्यांनी माऊसवर हात ठेवला. कोपऱ्यावर एक टिचकी. ओठ हलले नाहीत या वेळी. विंडो पुढे आली. मी खालच्या दिव्यावर बोट ठेवलं. हिरवा.

ते बघत राहिले. मी दिवा बंद केला, त्यांनी विंडो मागे घालवली, परत टिचकी मारली. हिरवा. तिसऱ्यांदा. हिरवा.

‘मी वाजवला,’ ते म्हणाले, ‘आनि दार उगडला?’

‘हो. तुम्ही फक्त वाजवलंत. मी मधे बदल केला होता. वाजवलं की उघडेल असं करून ठेवलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुमची काही चूक नाही, काका. त्याच दिवशी कळलं होतं मला.’

मला वाटलं होतं ते हसतील, पहिल्यासारखे. त्यांचा चेहरा लाल झाला. ‘त्याच दिवशी? मंग तोंडात काय मिठाची गुळनी धरली व्हतीस? मी येडा झालो म्हनून दोन महिने हितं बसलोय! सून मना रस्ता वलांडू देत नाय!’ आवाज वाढला तशी सून धावत बाहेर आली. मी खाली मान घालून उभी होते.

सून आली तसे ते माझ्याकडे वळले. ‘सांग. हिला सांग.’

मी सांगितलं. बदल मी केला, काकांची चूक नव्हती.

शेजारचे एक म्हातारे कठड्याशी आले होते. ‘याला सांग.’ त्यांना सांगितलं. मग काकांनी मुलाला फोन लावला, स्पीकरवर टाकला, म्हणाले, ‘परत सांग.’ मी परत सांगितलं. खालचा भाडेकरू डबा घेऊन निघाला होता, त्याला थांबवलं. ‘परत सांग.’ चौथ्या वेळेला माझा आवाज फुटेना. गाल ओले झाले, नाक गळायला लागलं, सगळ्यांसमोर, ओट्यावर उभी राहून. आईच्या दिवसांत जे आलं नाही ते तिथे, एका अनोळखी भाडेकरूसमोर आलं. भाडेकरू बिचारा घाबरला. पण मी वाक्य पूर्ण केलं. काकांनी मान हलवली.

मग सुनेने आत नेऊन पाणी दिलं. निघताना मी म्हटलं, शेठ म्हणतायत, परत या. काकांनी थोडा विचार केला. ‘येईन का नाय ते बगू. येऊ शकतो, यवडा म्हाईत जाला, बास जाला.’ मग गेटपर्यंत आले. सून मागून येत होती, तिला त्यांनी हातानेच मागे थांबवलं. एकटे रस्ता ओलांडून कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत गेले आणि तिथून वळून आमच्याकडे बघत उभे राहिले.

आता माझ्या सगळ्या स्क्रीनना एकच नियम आहे. मागच्या विंडोवर पहिली क्लिक नुसतं दार वाजवते. कोणी कितीही स्लो म्हणो. साहेब आता वाद घालत नाहीत.

त्या दिवशी घरी आले तेव्हा दुपारचं पाणी आलेलं होतं. बेसिनशी उभी राहिले, तोंड धुतलं, नळ बंद केला. आणि मोठ्याने म्हटलं, ‘आई, नळ मी उघडा ठेवला होता. तू नाही.’ फ्लॅटमध्ये आवाज जरा घुमला.

परत सांग म्हणायला कोणी नव्हतं.